नववी नसली तरी चालेल

दिवाळीच्या आठवडाभर आधी सरांचा फोन आला. हॅलो नाही, कसा आहेस नाही, थेट मुद्दा. "अरे, आपला ढोल्या गणपती आणखी ढोल्या झालाय. कधी येतोस?"

वाईच्या बाहेरच्यांना सांगतो, कृष्णेच्या घाटावर रास्त्यांनी बांधलेलं गणपतीचं देऊळ आहे, आत एकाच दगडातली एवढी मोठी मूर्ती आहे की सगळे तिला ढोल्या गणपतीच म्हणतात आणि त्यात कुणाला काही वावगं वाटत नाही, गणपतीला तर नसावंच. सरांच्या डेस्कटॉपवर कित्येक वर्षं त्याचाच फोटो आहे. जुना मॉनिटर गेला म्हणून मुलीने नवीन पाठवला, साडेअठरा इंची, पाटीसारखा पातळ. सरांनी स्वतः टेबलामागे वाकून जोडला, चालू झाला, आणि गणपती आडवा पसरला.

"त्याचं एक वेळ ठीक आहे, तो सांभाळून घेईल," सर म्हणाले, "पण मी वर्तुळ काढतो आणि दिसतं लंबवर्तुळ. पट्टी लावून मोजलं. उंची नऊ सेंटिमीटर, रुंदी बारा. प्रिंट बरोबर येतेय म्हणा, पण काढताना डोळ्याला खोटं दिसत असेल तर माणसाने काढायचं कसं?"

सर म्हणजे आमचे शेजारचे सर, हायस्कूलला गणित शिकवायचे, मलाही शिकवलंय. रिटायर झाल्यापासून दर शनिवारी गल्लीतल्या आणि आसपासच्या पोरांसाठी कोड्यांचं एक पान काढतात, त्यात भूमितीची चित्रं असतात, ती ते स्वतः कम्प्युटरवर काढतात.

पट्टी लावून मोजलं हे ऐकून मला हसू आलं, पण खरं सांगायचं तर निम्मं निदान त्यातच होतं. नवीन मॉनिटर १३६६ बाय ७६८ चा, म्हणजे आडव्या ओळीत १३६६ ठिपके आणि अशा ७६८ ओळी, आणि कम्प्युटर त्याला पाठवतोय १०२४ बाय ७६८. उंची तीच, रुंदी एक तृतीयांशाने ताणलेली, म्हणून नऊचे बारा. ताप आला तर किती वाजता किती होता ते कागदावर लिहून डॉक्टरकडे नेणारा माणूस आहे हा. माझ्या ऑफिसातले इंजिनियर नुसतं "डिस्प्ले गंडलाय" एवढंच कळवतात.

फोनवरच म्हटलं सेटिंगचा फोटो पाठवा. त्यात रिझोल्यूशनच्या यादीत १०२४, ८००, ६४०, बस. आणि वरती जिथे मॉनिटरचं नाव यायला पाहिजे तिथे नुसतं वायर लावायच्या जागेचं नाव, "व्हीजीए-१". हे मी वाचलं आणि पुढे गेलो. ही माझी पहिली चूक, पण तिच्याकडे नंतर येतो.

तो कम्प्युटर मीच असेंबल केलेला. २००४. मी पुण्यात शिकत होतो, तपकीर गल्लीतून एकेक पार्ट उचलला, पेंटियम फोर, इंटेलच्या ८६५जी चिपसेटचा बोर्ड, २५६ एमबी रॅम, ४० जीबीची डिस्क, सतरा इंची डबा मॉनिटर. मॉनिटरचं खोकं मांडीवर घेऊन एसटीने वाईला आलो, खंबाटकी घाटात प्रत्येक वळणाला ते खोकं माझ्यावर आणि मी शेजारच्या आजोबांवर. वेगळं ग्राफिक्स कार्ड घ्यायला पैसे नव्हते आणि सरांना गेम खेळायचे नव्हते, तेव्हा बोर्डातच असलेल्या ग्राफिक्सवर भागवलं. त्याला इंटेलने नाव दिलं होतं एक्स्ट्रीम ग्राफिक्स २. एक्स्ट्रीम! स्वतःची मेमरी नाही, लागेल तशी मेन रॅममधून उसनी घेणार, शेजारणीकडून वाटीभर साखर आणावी तशी, फक्त साखर परत करत नाही. २५६ मधली काही एमबी चालू होतानाच गायब व्हायची आणि सर विचारायचे, "अरे, २५६ चे पैसे दिले ना आपण?"

पण त्या चिपची एक गोष्ट मला कायम लक्षात राहिली, तिच्यातला रॅमडॅक, म्हणजे आकड्यांचं व्होल्टेज करून मॉनिटरकडे पाठवणारा भाग, तो ३५० मेगाहर्ट्झचा आहे. २०४८ बाय १५३६ पर्यंत चित्र काढायची ताकद आहे त्यात. १३६६ बाय ७६८ ला सत्त्याऐंशीसुद्धा लागत नाहीत. तेव्हा जमत नव्हतं ते अंगात ताकद नाही म्हणून नव्हतंच.

एक काळ होता जेव्हा आमच्यासारख्या पोरांची सगळी इज्जत ड्रायव्हरवर, म्हणजे त्या त्या चिपशी बोलणाऱ्या सॉफ्टवेअरवर, अवलंबून होती. गावात कुणाचाही पीसी फॉर्मॅट मारायचा असला की बोलावणं यायचं, चहा-पोहे व्हायचे, विंडोज ९८ टाकायचं, आणि मग तो क्षण यायचा, ६४० बाय ४८० आणि सोळा कलर. आयकॉन एवढे मोठे की चार मावायचे, फोटो उघडला तर माणसाच्या तोंडावर रांगोळीचे ठिपके. घरातले सगळे मागे उभे राहून बघतायत आणि काका हळूच म्हणणार, "आधी तर चांगलं दिसत होतं." मग बोर्डाबरोबर आलेली सीडी शोधायची, ती कधीच सापडायची नाही, टीव्हीवर, देवघराच्या खणात, लग्नाच्या अल्बममध्ये सगळीकडे बघून झालं की शेवटी कळायचं की घरातल्या छोटूने तिला दोरा ओवून कावळे हाकलायला गच्चीवर टांगलीये.

सीडी नाही म्हटलं की चिप कुठली ते ओळखणं आलं. कॅबिनेट उघडून बघायचं तर चिपवर हीटसिंक चिकटवलेला. तेव्हा एका सीनियर मुलाने मला ते दोन आकडे वाचायला शिकवले. पीसीआय नावाच्या जोडणीवर बसलेला प्रत्येक पार्ट आपला एक नंबर सांगतो, पहिला आकडा बनवणाऱ्याचा, दुसरा वस्तूचा, गोत्र आणि नाव म्हणा हवं तर. इंटेलचं गोत्र ८०८६, आपल्या गाजलेल्या प्रोसेसरचाच नंबर त्यांनी ओळख म्हणून घेऊन ठेवला. एस३ नावाची कंपनी होती, स्वस्तातली कार्डं बनवायची, तिचं गोत्र ५३३३, आणि यातली गंमत मला कितीतरी वर्षांनी कळली, कम्प्युटरच्या अक्षरांच्या कोष्टकात इंग्रजी एस म्हणजे हेक्समध्ये, सोळाच्या पायातल्या आकड्यांत, ५३ आणि तीनचा आकडा म्हणजे ३३. नंबरात सही करून ठेवली होती पठ्ठ्यांनी. १०३९ दिसला की एसआयएस, आणि तो दिसला की आम्ही मनातल्या मनात देवाचं नाव घ्यायचो.

सरांच्या मशीनचा नंबर ८०८६, २५७२. मला तो माझ्या पहिल्या मोबाइल नंबरासारखा पाठ आहे.

आणि २००४ मध्येही त्याने त्रास दिलाच होता. विंडोज एक्सपी टाकलं, चित्र आलं, मी खुशीत पुण्याला परतलो आणि चार दिवसांनी सरांचा फोन, डोकं दुखतंय. काकू म्हणाल्या चष्म्याचा नंबर वाढला असेल. चष्मा बदलून झाला. पुढच्या शनिवारी आलो तर दिसलं, ड्रायव्हर टाकायचाच राहिला होता, एक्सपी आपल्या साध्या कामचलाऊ ड्रायव्हरवर चालत होतं आणि डबा मॉनिटर ६० हर्ट्झवर, म्हणजे सेकंदाला साठ वेळा, लुकलुकत होता, त्यात वरती ट्यूबलाइट. ड्रायव्हर टाकला, ८५ हर्ट्झ केलं, पडदा एकदम तळ्यातल्या पाण्यासारखा स्थिर. सर काहीच बोलले नाहीत, फक्त जुना चष्मा परत घातला आणि म्हणाले, "हाच बरा होता."

८ एप्रिल २०१४ ला एक्सपीचा सपोर्ट संपला तेव्हा मी त्यावर लिनक्स टाकून दिलं, रॅम एक जीबी केली. आता डेबियन १२ आहे, लिनक्सचाच एक प्रकार, ३२ बिटचं. डेबियन १३ मध्ये या जुन्या ३२ बिट मशीनवर इन्स्टॉल करायची सोयच काढून टाकलीये, तेव्हा हे शेवटचं, हेही मला माहीत आहे आणि बहुतेक सरांनाही. मुलीने एक लॅपटॉप देऊन ठेवलाय, तो कपाटात आहे, त्याच्यावर काकू नातवाशी बोलतात. सरांना हेच हवं, हा खडखड वाजणारा कीबोर्ड, ज्यावर त्यांनी मराठी अक्षरांचे स्टिकर स्वतः कापून चिकटवलेत.

तर शनिवारी निघालो, सुरूर फाट्याला वळून अकरापर्यंत घरी. गाडीत बसल्याबसल्या माझं निदान पक्कं झालेलं. जुनी चिप, नवीन कर्नल म्हणजे लिनक्सचा गाभा, ड्रायव्हर मागे पडला असणार. आणि असं वाटायला कारणं होती. गेल्या काही वर्षांत जुन्या ग्राफिक्सची पद्धतशीर आवराआवर चालू आहे. २०२१ च्या अखेरीस मेसाने, म्हणजे लिनक्सवर थ्रीडीचं काम बघणाऱ्या प्रोजेक्टने, जुन्या पद्धतीचे सगळे ड्रायव्हर मुख्य झाडावरून उतरवले आणि एका वेगळ्या फांदीवर ठेवले, त्या फांदीला नाव दिलं अंबर. राळेत अडकलेला लाखो वर्षांपूर्वीचा किडा असतो ना, पाय-पंख सगळे शाबूत, ती राळ. नाव ठेवणाऱ्याला माझा नमस्कार, एवढं खरं आणि एवढं हळुवार नाव सॉफ्टवेअरवाल्यांना एरवी सुचत नाही. सरांची ८६५जी त्याच राळेत आहे. मग २०२३ च्या एप्रिलमध्ये लिनक्स ६.३ आलं, त्यात आणखी जुने, थ्रीडीएफएक्सच्या वूडूचा, सॅव्हेजचा, एसआयएसचा, व्हियाचा, इंटेल ८१०चा, सगळे काढले. कोड सांभाळायला माणूस नाही आणि वापरणारेही नाहीत, काढणाऱ्यांचं काही चुकलं असं मला वाटत नाही. तरी ती यादी वाचताना दहावीच्या वर्गाचा हजेरीपट वाचल्यासारखं झालं, यातल्या निम्म्यांना मी कुठल्या ना कुठल्या घरात पोहे खाताखाता भेटलेलो.

म्हणून मी गेलो तो ड्रायव्हरशी भांडायच्या तयारीनेच. आधी चालू होताना नोमोडसेट देऊन बघितलं, म्हणजे कर्नलला सांगायचं की तू चित्राच्या भानगडीत पडू नकोस, आणि मग जुना व्हेसा ड्रायव्हर. तो बिचारा व्हिडिओ बायोसमध्ये, म्हणजे बोर्डावरच कोरून ठेवलेल्या प्रोग्राममध्ये, छापलेलीच रिझोल्यूशन्स देऊ शकतो आणि २००३ च्या बायोसमध्ये १३६६ कुठून असणार, तेव्हा असे पडदेच टेबलावर नव्हते. १२८० बाय १०२४ देऊन बघितलं तर मॉनिटरने काळ्या पडद्यावर "इनपुट नॉट सपोर्टेड" अशी चौकट फिरवत ठेवली. सर मागे खुर्चीत बसून पेपर वाचत होते, पेपर खाली करून म्हणाले, "हा काय म्हणतोय?" म्हटलं जमत नाही म्हणतोय. "बरं," आणि पेपर वर.

हे सगळं करताना मला एक जुना लॅपटॉप आठवला, इंटेल ९१५ वाला, १२८० बाय ८०० चा पडदा आणि बायोसच्या यादीत ते रिझोल्यूशनच नाही. तेव्हा ९१५रिझोल्यूशन नावाचा एक इवलासा प्रोग्राम होता, तो रॅममध्ये उतरलेल्या व्हिडिओ बायोसच्या कॉपीत जाऊन एक जुनं रिझोल्यूशन खोडून तिथे तुमचं लिहायचा. मूळ बायोसला हात नाही, त्यामुळे मशीन बंद झालं की सगळं विसरणार, दुसऱ्या दिवशी परत चालू होताना परत लिहायचं. विसराळू आजोबांना रोज सकाळी आपलं नाव सांगावं तसं. आणि आम्ही दोन वर्षं सांगितलं.

व्हेसाचा नाद सोडला आणि इंटेलच्या मूळ ड्रायव्हरवर परत येऊन हाताने मोडलाइन द्यायची ठरवली. इथे सरांनी पेपर ठेवला. कारण मोडलाइन म्हणजे ठिपक्यांचा आणि ओळींचा वेळ सांगणारे नुसते आकडे, आणि आकडे दिसले की सर जागे होतात.

"हे काय आहे?"

मी त्यांना आधी सोपी दाखवली, १०२४ बाय ७६८ ची, जी आत्ता चालू होती. पहिला आकडा ६५, म्हणजे सेकंदाला साडेसहा कोटी ठिपके. मग १०२४ पासून चढत जाणारे आकडे, शेवटचा १३४४. मग ७६८ पासून चढत जाणारे, शेवटचा ८०६. सरांनी एक लग्नपत्रिका उलटी केली, पाठकोऱ्या पत्रिकांचा त्यांच्याकडे गठ्ठा असतो, आणि भागाकार मांडला. १३४४ गुणिले ८०६, दहा लाख त्र्याऐंशी हजार दोनशे चौसष्ट. साडेसहा कोटीला त्याने भागलं, साठ आणि वर अगदी जरासं.

"म्हणजे सेकंदाला साठ वेळा पान भरतंय."

"बरोबर."

"पण ओळीत दिसणारे ठिपके १०२४. मोजतोय १३४४. वरचे ३२० कुठे गेले?"

हा प्रश्न मला आजवर कुणी विचारला नव्हता. मीही कुणाला विचारला नव्हता, कॉपी-पेस्ट करायचो. सांगायला सुरुवात केली की डबा मॉनिटरमध्ये इलेक्ट्रॉनचा झोत डावीकडून उजवीकडे ओळ काढत जातो, ओळ संपली की त्याला परत डावीकडे यायला वेळ लागतो, तेवढा वेळ काही दाखवायचं नाही, गप्प बसायचं, ते ३२० म्हणजे तो गप्प बसायचा वेळ, आणि उभ्या दिशेला तसेच ३८. सरांनी हात वर केला. "कळलं. नांगरट. तास संपलं की बैल वळवायला बांधापाशी जागा सोडावी लागते. तेवढी जमीन पिकत नाही पण ती नसेल तर नांगरच चालत नाही."

म्हटलं सर, एक्झॅक्टली. मग म्हणाले पण हा नवीन पातळ पडदा, याच्यात कुठे झोत आहे? नाहीये. बैल गेले, पण वळायच्या जागेची वहिवाट राहिली, कारण व्हीजीएच्या वायरीत सगळी बोलणी त्याच हिशोबाने चालतात.

पूर्वी हे आकडे चुकवायचीही भीती असायची. मी कॉलेजात असताना लिनक्सच्या सेटअपमध्ये मॉनिटरचा आडवा सिंक, म्हणजे सेकंदाला किती ओळी झेपतात, ते हाताने लिहावं लागायचं, मॅन्युअलच्या शेवटच्या पानावर असायचं, मॅन्युअल हरवलेलं असायचं. अंदाजाने भरलं की जुना मॉनिटर बारीक आवाजात किंचाळायचा, कुत्र्यांना ऐकू येईल असा, आणि आपण धावत जाऊन बटण दाबायचं. चुकीच्या सिंकने मॉनिटर जळू शकतो अशी सूचना तेव्हा खरोखर लिहिलेली असायची आणि ती उगाच लिहिलेली नव्हती. आताचे पडदे नुसते नकार देतात, किंचाळत नाहीत. बरंच आहे म्हणा.

मग १३६६ ची मोडलाइन काढायला सीव्हीटी कमांड दिली आणि तिने उत्तर दिलं १३६८ चं. सरांच्या कपाळाला आठी. "आपण १३६६ मागितलं." म्हटलं, या हिशोबाला रुंदी आठच्या पटीत लागते. सरांनी तोंडीच केलं, "१३६६ भागिले आठ, पावणे एकशे एकाहत्तर. हां, बसत नाही." आणि मग जरा वेळाने, कुणाची तरी वकिली केल्यासारखं, "मग आठाने न जाणारा पडदा बनवला कुणी?" याला माझ्याकडे धड उत्तर नव्हतं, आजही नाही. ज्याने हा आकडा टीव्ही आणि लॅपटॉपवर आणला त्याने जगभरच्या ड्रायव्हर लिहिणाऱ्यांच्या किती संध्याकाळी खाल्ल्या असतील देव जाणे. मॉनिटर स्वतःची माहिती देतो त्यातल्या एका कोष्टकात रुंदी आठाने भागूनच साठवतात, तिथे १३६६ लिहिताच येत नाही, म्हणून ड्रायव्हरमध्ये खास याच्यासाठी ठिगळं मारून ठेवलीयेत.

१३६८ तर १३६८. एक्सरँडर कमांडने मोड बनवला, जोडला, लावला. पडदा काळा, दोन सेकंद, आणि चित्र आलं. गणपती मूळ पदावर. सरांनी वर्तुळ काढलं, पट्टी लावली, नऊ बाय नऊ. काकूंनी आतून चहा आणला. माझ्या दृष्टीने काम झालं होतं, आता ही ओळ फाइलमध्ये टाकून कायमची करायची, जेवायचं आणि निघायचं.

सर पडद्याला नाक लावून बसले होते. "अक्षराला पदर सुटलाय."

खरंच होतं. १३६८ ठिपके १३६६ घरांत कोंबलेले, कुठे ना कुठे एक अक्षर दोन घरांमध्ये लटकणारच. उभ्या काड्यांना किंचित सावली, काना जाड, त्याच्या शेजारचा बारीक. मी म्हटलं सर, एवढं चालायचंच, जुनी चिप आहे, तिला आता कोण विचारतंय. सर म्हणाले, "चिपचं राहू दे. मला हे सांग, मगाशी तू म्हणालास मॉनिटर स्वतःची माहिती देतो. मग याने का नाही दिली?"

मी म्हटलं देतो... आणि गप्प झालो.

आता त्या पहिल्या चुकीकडे येतो. १९९४ पासून ही सोय आहे, व्हीजीएच्याच वायरीतून मॉनिटर आपली १२८ बाइटची कुंडली कम्प्युटरला देतो, मी कोण, कुणी बनवला, माझं अंगचं रिझोल्यूशन काय. ड्रायव्हर ती वाचतो आणि त्याप्रमाणे वागतो. ती नाहीच मिळाली तर तो बिचारा सगळ्यांना झेपेल असं १०२४ बाय ७६८ देऊन मोकळा होतो. म्हणजे बरोब्बर जे झालं होतं ते. आणि पहिल्याच फोटोत मॉनिटरच्या नावाच्या जागी व्हीजीए-१ लिहिलेलं होतं, कुंडली आली असती तर तिथे कंपनीचं नाव दिसलं असतं. मी घाईघाईने ती फाइल उघडून बघितली. शून्य बाइट. कुंडली कोरी. ड्रायव्हर सकाळपासून निर्दोष होता, माझ्या सगळ्या शिव्या खात होता, त्याला पलीकडून कुणी काही सांगतच नव्हतं तर तो काय करणार.

घोडं पेंड खात होतं वायरीत. काढली. सरांनी खणातून भिंग आणलं, पंचांग वाचायचं.

व्हीजीएच्या तोंडात पंधरा पिना, पाचाच्या तीन ओळी. सर म्हणाले, "इथे एक नाहीच आहे." मी म्हटलं ती नववी, ती बऱ्याच केबलींना मुळातच नसते, तिचा काही त्रास नाही. पहिल्या तीन पिना लाल, हिरवा, निळा. तेरावी आणि चौदावी सिंक. ते सगळं ठीक असणार, नाहीतर चित्रच आलं नसतं. बोलणं चालतं ते बारावी आणि पंधरावीवर.

सरांनी शेवटची ओळ मोजली. अकरा, बारा. बारावी पिन कुशीवर झोपली होती. टेबलामागच्या अंधारात, तिरकी लावून, जोर करून आत ढकललेली.

"मीच," सर म्हणाले. मग भिंग खाली ठेवलं, चाळीस वर्षं वर्गात जो चेहरा करून पेपर वाटायचे तो चेहरा केला आणि म्हणाले, "म्हणजे नववी नसली तरी चालेल, पण बारावी महत्त्वाची."

काकू दारात उभ्या होत्या, त्यांनी फक्त "काखेत कळसा" एवढंच म्हटलं आणि आत गेल्या, उरलेली म्हण पूर्ण करायचीही त्यांना गरज वाटली नाही.

पिन सरळ करायची म्हणजे नाजूक काम, पकडीने केलं की तुटते. सरांच्या पेनपेन्सिलीतलं शिसं काढून टाकलं, तिची पोकळ नळी अलगद पिनेवर चढवली आणि एवढुसं, एवढुसं करत उभी केली. ही युक्ती मला तपकीर गल्लीतच एकाने शिकवलेली, तो प्रोसेसरच्या पिना अशा सरळ करायचा, तीस रुपये घ्यायचा आणि करताना श्वास रोखून धरायचा. मीही धरला. केबल लावली, माझ्या मोडलाइनची फाइल खोडली, मशीन परत चालू केलं.

लॉगिनच्या आधीच कळलं. अक्षरं काचेवर कोरल्यासारखी. सेटिंगमध्ये मॉनिटरचं नाव, इंची, सगळं आलेलं, यादीत सगळ्यात वर १३६६ बाय ७६८. वीस वर्षं जुनी चिप आणि तीन आठवड्यांचा मॉनिटर, एकमेकांशी बोलायला लागल्यावर दोघांना माझी काहीच गरज उरली नव्हती. मी चार तास घालवले होते आणि शेवटी माझं एकही अक्षर त्या मशीनमध्ये राहिलं नाही. जरा लागलंच मनाला.

जुना डबा मॉनिटर पोटमाळ्यावर ठेवायचा म्हणून आम्ही दोघांनी उचलला, तेव्हा आठवलं की हा मी एकदा मांडीवर घेऊन घाट चढलोय. आता सर आणि मी मिळूनही तो जड जात होता. काकू खालून ओरडत होत्या की भंगारवाल्याला द्या, वर कशाला. सर म्हणाले, "असू दे, लागला तर." कशाला लागणार ते त्यांनी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही, माझ्याकडे पुण्यात अशा वस्तूंचं एक अख्खं खोकं आहे.

पुढच्या शनिवारचं कोड्यांचं पान सरांनी मला व्हॉट्सॅपवर पाठवलं. चौथा प्रश्न: एका पडद्यावर सेकंदाला साडेसहा कोटी ठिपके काढले जातात, एका ओळीला १३४४ ठिपक्यांचा वेळ लागतो आणि एका पानाला ८०६ ओळींचा, तर सेकंदाला किती पानं? खाली बारीक अक्षरात: पडद्यावर प्रत्यक्ष दिसतात १०२४ ठिपके आणि ७६८ ओळी.

मग रविवारी फोन. बावधनच्या एका सातवीतल्या मुलीने उत्तर बरोबर काढलं आणि शेजारी लिहिलं, सर, बाकीचे ३२० कुठे गेले?

"मग तुम्ही बैलांचं सांगितलंत?"

"सांगितलं ना. पण तिने बैल वळताना कधी बघितलेलेच नाहीत. म्हणाली, आमच्याकडे ट्रॅक्टर आहे."

"मग?"

"मग काय. म्हटलं, तुझ्या पप्पांना विचार ट्रॅक्टर वळवायला किती जागा सोडतात. मोजून आण म्हटलं, पट्टी पुरणार नाही, टेप घेऊन जा."